रात्र आवरणारं संगीत

1990च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत शनिवारच्या रात्रीची धास्ती वाटू लागली होती. एड्रियाटिक किनाऱ्यावर रिमिनी-रिचोनेच्या पट्ट्यात मोठमोठे नाइटक्लब उभे राहिले होते. रिचोनेचा 'कोकोरिको' तर काचेच्या पिरॅमिडखाली भरायचा. तरुण मुलं लांबलांबून गाड्या हाणत यायची, पहाटेपर्यंत नाचायची आणि दारू, नशेच्या गोळ्या, जागरण असं सगळं अंगात मुरवून तशीच परत निघायची. अर्ध्या वाटेत स्टिअरिंगवर डोळा लागायचा. वर्तमानपत्रांनी या अपघातांना 'शनिवार रात्रीचं हत्याकांड' असं नावच देऊन टाकलं. 1996च्या मध्यापर्यंत, म्हणजे पाच-सहा वर्षांत, अशा अपघातांत सुमारे 2000 जणांचा बळी गेला असावा, असा अंदाज तेव्हा मांडला गेला होता. क्लब लवकर बंद करा, अशी ओरड पालकांनी सुरू केली होती.

रॉबर्ट माइल्स या इटालियन डीजेचा 'ड्रीमलँड' हा पहिला, ट्रान्स शैलीतला अल्बम या बातम्यांच्या पार्श्वभूमीवर ऐकला, तर वेगळा ऐकू येतो. एरवी तो गोड पियानोचा, जरा जास्तच गोड, असा एक जुना अल्बम वाटतो.

ट्रान्स हे क्लबातलं नाचाचं संगीत म्हटलं की आपल्याला गोव्यातल्या हणजूणचा किनारा आठवतो. ते बरोबरच आहे. हिप्पींच्या पार्ट्यांतून, गोवा गिलसारख्या डीजेंच्या रात्ररात्र चालणाऱ्या सत्रांतून जे घडलं, ते पुढे 'गोवा ट्रान्स' नावानं लंडन आणि इस्राएलपर्यंत पोहोचलं. 'ड्रीमलँड' मात्र त्या फांदीवरचा नाही. त्याची मुळं जर्मन ट्रान्समध्ये आणि इटालियन हाउस संगीतातल्या पियानोत आहेत. गोव्याच्या ट्रान्सला माणसाला भानापलीकडे न्यायचं असतं, तर या इटालियन मुलाला माणसाला भानावर आणायचं होतं.

माइल्सचं खरं नाव रोबेर्तो कोन्चिना. जन्म 3 नोव्हेंबर 1969चा, स्वित्झर्लंडमधल्या फ्लरिए गावी, इटालियन आईवडिलांच्या पोटी. तो वाढला मात्र ईशान्य इटलीत, उदिनेजवळच्या फागान्या या छोट्या गावात. लहानपणी पियानो शिकला, पुढे स्थानिक क्लबांत आणि रेडिओवर डीजे झाला. साठवलेल्या पैशांतून त्यानं स्वतःचा छोटा स्टुडिओ उभारला. यात नवलाची गोष्ट काही नाही; त्या काळातल्या शेकडो डीजेंचा प्रवास असाच झाला.

त्याचं गाव मात्र महत्त्वाचं आहे. फागान्यापासून युगोस्लाव्हियाची सरहद्द फार लांब नव्हती आणि 1991पासून तो देश युद्धात फुटत चालला होता. कोन्चिनाचे वडील मदतकार्यासाठी तिकडे गेले होते. येताना त्यांनी युद्धात होरपळलेल्या मुलांची छायाचित्रं आणली. ती पाहून मुलानं रचना केली आणि तिला नाव दिलं 'चिल्ड्रन'. दुसरं कारण त्याच्या धंद्यातलं होतं. रात्रीच्या शेवटी वाजवायला त्याला असं काही हवं होतं, की नाचून पेटलेली मुलं घरी निघण्याआधी जरा निवतील. आपल्याकडे मैफल भैरवीनं संपते आणि भैरवी सुरू झाली की श्रोताही मनानं घरची वाट धरतो. क्लबला अशी भैरवी नव्हती. ती देण्याचा हा प्रयत्न होता.

रचना ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. शांत करायचं म्हणून कोन्चिनानं लय फारशी उतरवलेली नाही. मिनिटाला साधारण 137 ठोके म्हणजे नाचाचीच लय, आणि प्रत्येक मात्रेवर किक ड्रमचा ठोका आहेच. शांतता येते ती पियानोच्या मोजक्या स्वरांतून. ती धून इतकी साधी आहे की शिकाऊ विद्यार्थ्यालाही वाजवता येईल. पण प्रत्येक स्वरामागे त्याचा प्रतिध्वनी सोडलेला आहे, त्यामुळे दोन स्वरांमधली मोकळी जागा भरून निघते. ट्रान्समध्ये मधेच ठेका काढून घ्यायची आणि नुसती धून तरंगत ठेवायची रीत असते. डीजे त्याला ब्रेकडाउन म्हणतात. इतरत्र हा भाग पुढच्या स्फोटाची तयारी असतो, ऐकणारा ठेका परत कधी येतो याची वाट बघत राहतो. 'चिल्ड्रन'मध्ये हा मधला भागच मुख्य आहे, ठेका परत आला काय नि न आला काय. माझ्या मते रचनेचं खरं कसब इथं आहे, पियानोच्या गोडव्यात नाही.

जानेवारी 1995मध्ये मिलानचे डीजे जो व्हानेली यांच्या डीबीएक्स या छोट्या लेबलनं ही रचना एका तबकडीवर काढली. कुणी फारशी दखल घेतली नाही. पुढे व्हानेलींनी मायामीतल्या एका क्लबात ती वाजवली, तेव्हा 'प्लॅटिपस' या ब्रिटिश ट्रान्स लेबलचे सायमन बेरी तिथं होते. त्यांच्यामार्फत ती लंडनच्या 'डीकन्स्ट्रक्शन' कंपनीपर्यंत गेली आणि मग चक्रं फिरली. डझनाहून अधिक देशांत पहिला क्रमांक, ब्रिटनमध्ये दुसरा. अमेरिकेत असं शब्दाविना संगीत सहसा वर चढत नाही, तिथंही ती 'बिलबोर्ड'च्या यादीत 21व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. जोडीला केलेला व्हिडिओ कृष्णधवल आहे. एक लहान मुलगी मोटारीत बसून खिडकीतून सरकणारा मुलूख पाहते आहे, एवढंच त्यात घडतं. गाडीतल्या मृत्यूंच्या धास्तीतून जन्मलेल्या संगीतासाठी ही प्रतिमा ठरवून निवडली की सहज सुचली, कोण जाणे. पण ती नेमकी बसली आहे.

1996च्या जूनमध्ये अल्बम आला. एखादी रचना गाजली की कंपनीला तिच्यामागे लगेच अल्बम हवा असतो, आणि ही घाई 'ड्रीमलँड'मध्ये दिसते. दहा रचनांत 'चिल्ड्रन' दोनदा आहे आणि 'फेबल'ही दोन रूपांत आहे. 'इन द डॉन', 'लँडस्केप' अशी नावं वाचूनच आतलं वातावरण कळतं. चाल मिळतीजुळती, पियानोचा आवाज तोच, पार्श्वभूमीला तीच धूसर तंतुवाद्यं. 'फेबल' सुंदर आहे, शेवटची 'रेड झोन' जरा अंगावर येते. बाकीच्या रचना एकमेकींत मिसळून जातात. एका उत्कृष्ट धुनेचा हा ताणलेला विस्तार आहे, असं म्हटलं तर ते अन्यायाचं होणार नाही. पण विकत घेणाऱ्यांना नेमका तोच विस्तार हवा होता. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेला. नोव्हेंबरात मारिया नेलरच्या आवाजातलं 'वन अँड वन' आलं, तेही गाजलं आणि अल्बमच्या पुढच्या आवृत्तीत सामील झालं. 1997मध्ये ब्रिट पुरस्कारांत रॉबर्ट माइल्स सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय नवोदित ठरला.

इटलीत या शैलीला 'ड्रीम' हे नाव चिकटलं. पालकांना आणि अधिकाऱ्यांनाही ती पसंत पडली. नाचाचं संगीत आणि सरकारी पसंती हा योग दुर्मीळच. तिच्यामुळे किती अपघात टळले, याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही. शिवाय 'चिल्ड्रन' इतकी चालली की ती फक्त रात्रीच्या शेवटी वाजवायची कुणाला आठवणच राहिली नाही. रेडिओवर दिवसाढवळ्या, दुकानांत, लिफ्टमध्ये, कुठंही ती वाजू लागली. मग तिच्या नकला निघाल्या, आणि दोनेक वर्षांत तो पियानो ऐकून लोक कंटाळले. समीक्षकांनी तिला गुळचट म्हटलं, तेही समजण्यासारखं आहे. गूळ फार वाटला गेला होता.

स्वतः माइल्सही कंटाळला असावा. 1997चा दुसरा अल्बम '23एएम' पहिल्यापेक्षा बराच वेगळा होता, जॅझकडे आणि तुटक ठेक्यांकडे झुकलेला. तो तितका विकला गेला नाही. संगीताची दिशा कुणी ठरवायची यावरून कंपनीशी त्याचं फाटलं आणि तो बाहेर पडला. चार वर्षांनी, 2001मध्ये, 'सॉल्ट' नावाचं स्वतःचं लेबल काढून त्यानं 'ऑर्गॅनिक' आणला. त्यात बिल लॅस्वेल, नितीन साहनी आणि आपले त्रिलोक गुर्तू आहेत.

गुर्तूंना 'आपले' म्हणायला कारण आहे. 1951मध्ये मुंबईत जन्मलेले त्रिलोक हे ठुमरीसाठी ख्यातनाम असलेल्या शोभा गुर्तूंचे चिरंजीव. शोभाताई बेळगावच्या, माहेरच्या शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. त्रिलोक तबला शिकले आणि युरोपात जाऊन जॅझमध्ये शिरले. ओरेगॉन या चमूबरोबर आणि जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत ते वाजवत. जमिनीलगत बसून तबला आणि ड्रम एकत्र वाजवायचे आणि मधेच झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकवायचा, ही त्यांची खासियत. 1988च्या त्यांच्या स्वतःच्या पहिल्या अल्बमात, 'उस्फ्रेत'मध्ये, शोभाताई गायल्या आहेत.

2004मध्ये माइल्स आणि गुर्तू यांचा संयुक्त अल्बम आला, नाव 'माइल्स_गुर्तू'. ज्याची कीर्ती प्रत्येक मात्रेवर पडणाऱ्या एकसारख्या ठोक्यावर उभी होती, तो संगीतकार इथं अशा वादकासमोर बसला आहे, जो ठोका सम सोडून कुठंही टाकेल आणि तरी समेवर येईल. दोघांपैकी कुणी माघार घेत नाही. यंत्राचा ठेका मात्र नमतं घेतो, हे खरं.

यानंतर माइल्सनं 2011मध्ये रॉबर्ट फ्रिप यांच्या सहभागाचा 'थर्टीन' केला आणि 2012मध्ये इबिझा बेटावर 'ओपनलॅब' हा रेडिओ सुरू केला. कर्करोगानं 9 मे 2017 रोजी इबिझातच त्याचं निधन झालं, वयाच्या 47व्या वर्षी. मृत्युलेखांच्या मथळ्यांत अर्थातच 'चिल्ड्रन' होतं.

'ड्रीमलँड' थोर अल्बम नाही. त्यात एक थोर रचना आहे आणि ती कोणत्या हेतूनं केली हे विसरलं गेलं. ती ऐकायचीच तर मूळ लांबीची ऐका, रेडिओसाठी कापलेली नको, कारण कापताना मधली शांतताच आधी जाते. पण एवढ्यावर थांबू नका. कोन्चिनाचं अधिक चांगलं काम 'ऑर्गॅनिक'मध्ये आणि त्यानंतरच्या जोडअल्बमात आहे. मराठी रसिकानं हा दुसरा निदान शोभाताईंच्या मुलासाठी तरी ऐकावा.