केंट स्टेट
रिचर्ड हॅमिल्टन (१९२२–२०११) या ब्रिटिश चित्रकाराचे १९७० मधील मुद्राचित्र. ते रेशीम-पडदा मुद्रणाने (सेरिग्राफी) सिद्ध झाले. मे १९७० मध्ये हॅमिल्टनने दूरचित्रवाणी संचासमोर कॅमेरा उभारून आठवडाभर पडद्यावरील दृश्ये टिपली. ४ मे रोजी ओहायओ राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात, कंबोडियातील अमेरिकी कारवाईचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्यांवर नॅशनल गार्डच्या सैनिकांनी गोळीबार केला. ४ विद्यार्थी ठार व ९ जखमी झाले. वार्तापटात दिसलेली एका जखमी विद्यार्थ्याची प्रतिमा हॅमिल्टनने निवडली. इतक्या भीषण घटनेला कलाविषय करण्याचा त्याला संकोच वाटत होता. तथापि प्रतिमा हाती आली होती.

या तंत्रात ताणलेल्या जाळीवरील प्रकाशसंवेदी लेप प्रकाश पडलेल्या जागी कठीण होतो. उरलेला धुऊन काढल्यावर मोकळ्या छिद्रांतून रबरी पट्टीने शाई कागदावर उतरवितात. प्रत्येक थरास स्वतंत्र जाळी लागते. हॅमिल्टनने पारदर्शक रंगांचे अनेक थर एकावर एक छापले. पडद्याची गोलसर चौकट व प्रतिमेचा धूसरपणा त्याने हेतुतः राखला. त्यामुळे घटनेइतकेच तिचे घरबसल्या घडणारे दर्शनही चित्राचा विषय ठरते. कलामुद्रिते सहसा मोजक्याच प्रतींत निघतात. याच्या मात्र ५,००० प्रती काढण्यात आल्या.