नक्कल तयार होईपर्यंत थांबणारं घड्याळ

31 ऑगस्ट 2019. जळगावच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या खटल्याचा निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयात लागला. 48 जण दोषी ठरले. कोणाला किती वर्षं, कोणाला किती दंड, याची चर्चा खानदेशभर झाली. मला त्या दिवसाची वेगळीच गोष्ट विलक्षण वाटते. कारावासाची शिक्षा झालेल्या प्रत्येकाला निकालपत्राची नक्कल ताबडतोब आणि फुकट मिळाली पाहिजे, असं कायदा सांगतो. तेव्हा हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 363 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 404 मध्ये आहे. ज्याला तुरुंगात पाठवायचं, त्याच्या हातात आधी कारणं ठेवायची!

हो, कारणंच. निकालपत्र उघडलं की एका बाजूला ‘मुद्दे’, दुसऱ्या बाजूला ‘निष्कर्ष’, आणि पुढे पानोपान ‘कारणमीमांसा’. अपील करायचं तर वकील आधी तीच पानं मागतो.

ती वेळेवर मिळाली नाहीत तर? हा प्रश्न आपल्याच राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘एम. एच. हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, 1978. उच्च न्यायालयाचा निकाल 1973 चा, आणि कैद्याचं म्हणणं असं की नक्कल हातात पडली ती 1978 मध्ये. तुरुंगाचे अधिकारी म्हणत होते, आम्ही दिली होती. पण त्याच्या सहीची पोच नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नक्कल वेळेत मिळण्याचा हक्क थेट राज्यघटनेच्या कलम 21 शी, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला. यापुढे तुरुंगात आलेली नक्कल कैद्याला द्यायची आणि त्याची लेखी पोच घ्यायची, असंही बजावलं. एका सहीला केवढं मोल आलं!

आणि अपिलाच्या मुदतीचं ते घड्याळ. सत्र न्यायालयानं दिलेल्या कारावासाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला 60 दिवस मिळतात. पण नकलेसाठी अर्ज दिला की ती तयार होण्यात गेलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे त्यातून वजा होतात. अर्ज द्यायलाच उशीर केला, तर ते दिवस मात्र आपल्या खाती.

आता भाषा. आरोपीनं मागितलं तर निकालाचं भाषांतर त्याच्या स्वतःच्या भाषेत द्यावं, ‘शक्य असल्यास’. नाहीतर न्यायालयाच्या भाषेत. 1998 पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा, काही अपवाद सोडले तर, मराठी आहे. पण ‘शक्य असल्यास’ हे दोन शब्द सातपुड्याच्या पायथ्याशी किती जड होतात! तिथे कोणाची भाषा भिली, कोणाची पावरी. खाली तापीकाठी अहिराणी. अहिराणीत ‘कथा’ म्हणजे ‘कुठे’. साक्षीदारानं विचारलेलं ‘कुठे’ लिहून घेणाऱ्याला गोष्ट वाटलं, तर पुराव्याचा अर्थच पालटेल. म्हणून खानदेशात वाढलेला, अहिराणी कानावर पडलेला कोर्टातला माणूस मला फार मोलाचा वाटतो.

जळगाव-धुळ्याचं अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातं. तिथला कारभार इंग्रजीत, म्हणून मराठी साक्षींचं भाषांतर करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयातही इंग्रजीच. तिथले निकाल मराठीत आणायला 2019 पासून ‘सुवास’ नावाची संगणकप्रणाली मदतीला आहे. यंत्रानं केलेला मजकूर माणसं तपासतात. चोपड्याच्या साक्षीदाराचं अहिराणी वाक्य मराठीत लिहिलं जातं, इंग्रजी होऊन दिल्लीपर्यंत पोचतं, आणि कधीतरी निकालातून मराठी होऊन परत येतं. मूळच्या अहिराणीत ते अजून उतरत नाही.