कागद जिथे संपतो

जून 1540 मध्ये थॉमस क्रॉमवेलला अटक झाली आणि त्याचे दप्तर जप्त झाले. त्यामुळे त्याला आलेली पत्रे शिल्लक राहिली. त्याने धाडलेल्या पत्रांच्या नकला मात्र बहुतेक नाहीशा झाल्या. आठव्या हेन्रीच्या या बलाढ्य मंत्र्याला लोक काय लिहीत होते ते कळते, त्याच्या मनात काय चालले होते ते कळत नाही. हिलरी मँटेल यांनी कादंबरीसाठी नेमका हाच माणूस निवडला.

मात्र मोकळीक मिळाली म्हणून त्यांनी ती हवी तशी वापरली नाही. कोणत्या तारखेला कोण कुठे होते, याची कार्डे त्या करून ठेवत. एखादा ड्यूक त्या दिवशी परगावी असेल, तर प्रसंग कितीही रंगणारा असो, त्याला दरबारात आणायचे नाही. लेखिकेची कल्पना चालायची ती कागद संपल्यावर. बंद दाराआडचे बोलणे, पुटनीतल्या लोहाराच्या पोराचे बालपण, रात्रीचे विचार, हा सगळा तिचा प्रांत.

सुचलेले वाक्य, संवादाचा तुकडा, एखादा तपशील कार्डावर उतरे आणि स्वयंपाकघरातल्या सात फुटी फळ्यावर टाचला जाई. क्रम लावायची घाई नसे. विरजण लावून भांडे न हलवता ठेवावे, तशी ती कार्डे राहत. हळूहळू एकाचा दुसऱ्याशी संबंध दिसू लागे.

ही सवय एका दिवसात लागलेली नव्हती. फ्रेंच राज्यक्रांतीवरची त्यांची पहिली कादंबरी 1974 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी सुरू झाली आणि 1979 ला पुरी झाली. ती नाकारली गेली आणि थेट 1992 साली छापली गेली.

क्रॉमवेलवरची पहिली कादंबरी ‘वुल्फ हॉल’ वर्तमानकाळात लिहिलेली आहे, आणि क्रॉमवेल बहुतेक वेळा नुसता ‘तो’. माझ्या मते त्यांचे खरे धाडस इथे आहे. हेन्रीची राणी ॲन बोलिन हिचा शिरच्छेद होणार हे वाचकाला ठाऊक असते, पात्रांना नसते, आणि लेखिका त्यांच्याहून एक पाऊलही पुढे जात नाही. आपल्या मराठी ऐतिहासिक कादंबरीचे नायकावर अपार प्रेम आहे. ते मलाही प्रिय आहे. पण त्या प्रेमापोटी नायकाच्या कपाळी पुढचा इतिहास पहिल्या पानापासूनच लिहिलेला असतो, आणि मग चुकण्याची मोकळीक त्याला उरत नाही.

क्रॉमवेलवर एकाच पुस्तकाचा बेत होता, त्याची तीन झाली. पहिल्या दोन्हींना, 2009 आणि 2012 साली, बुकर मिळाले. तिसरे 2020 मध्ये आले. मला दुसरे, ‘ब्रिंग अप द बॉडीज’, सर्वांत घट्ट विणीचे वाटते. त्यातला काळ वर्षभराचाही नाही, आणि ॲनला संपवण्यासाठी लागलेल्या काही आठवड्यांत त्यातला एकेक दिवस जाणवतो.