फसलेल्या पहिल्या भागाची चित्रफीत (लेखांक सहावा)

जुन्या दूरचित्रवाणी मालिकेची डीव्हीडी निघते तेव्हा मूळ कथेसोबत तीत कलावंतांचे भाष्य, निर्मितीविषयीचे माहितीपट, वगळलेली दृश्ये आणि छायाचित्रे असे जे साहित्य घातलेले असते, त्याला या लेखमालेत ‘पुरवणी’ म्हटले आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यात लाटलेल्या रुळाच्या अंगावर कारखान्याची खूण, रुळाचा प्रकार आणि वर्ष उठवलेले असते, त्यामुळे तो रूळ देशात कोठेही अंथरलेला असला तरी त्याचे मूळ वाचता येते. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमावर मात्र श्रेयनामावलीपलीकडे अशी खूण उमटत नाही, आणि तो कसा घडला हे कळण्यासाठी पुरवणीकडेच वळावे लागते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेच्या पहिल्या कथा एकत्र देणारा, 2006 साली निघालेला ‘द बिगिनिंग’ हा संच. मालिकेचा पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी, म्हणजे केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, प्रक्षेपित झाला. त्याची निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट ही तरुण स्त्री होती आणि दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौमध्ये जन्मलेले, लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव. पुढे दशकानुदशके चाललेल्या या मालिकेचा पहिला श्वास एका भारतीय वंशाच्या दिग्दर्शकाच्या हाताखाली घेतला गेला, ही गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशा कौतुकाने सांगितली गेलेली नाही.

प्रक्षेपित झालेला पहिला भाग हा खरे तर दुसरा प्रयत्न होता. 27 सप्टेंबर 1963 रोजी मुद्रित केलेली आवृत्ती पाहून बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी ती नाकारली आणि 18 ऑक्टोबरला सारा भाग नव्याने मुद्रित करण्यात आला. नाकारलेल्या मुद्रणाची फीत, फसलेल्या आणि पुन्हा घेतलेल्या प्रसंगांसह, या संचात ठेवलेली आहे. त्या काळी चित्रफीत संपादित करायची म्हणजे ती प्रत्यक्ष कापून जोडावी लागे आणि महागडी फीत वाया जाई, म्हणून लांबच लांब प्रसंग नाटकासारखे सलग मुद्रित करण्याचा प्रघात होता. त्यामुळे टार्डिस या कालयानाचे दार नीट मिटेना, तरी नटांना संवाद पुढे रेटावे लागले. या आवृत्तीतला मालिकेचा नायक डॉक्टर अधिक कठोर आहे, त्याचा पोशाख आधुनिक आहे आणि त्याची नात सुसान आपण एकोणपन्नासाव्या शतकात जन्मल्याचे सांगते. अंतिम आवृत्तीत हा उल्लेख काढून ती केवळ दुसऱ्या काळातली, दुसऱ्या जगातली ठरवली आहे, आणि तेवढ्या एका बदलाने तिच्याभोवतीचे गूढ किती गडद झाले, हे दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहिल्यावाचून उमगत नाही.

निर्मिती उघडी करून दाखवण्याची ही ओढ मराठी वाचकाला परकी वाटू नये. दादासाहेब फाळके यांनी 1917 मध्ये चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा लघुपट काढला होता; त्याच्या उरलेल्या अंशांत ते नटांना सूचना देताना आणि फीत तपासताना दिसतात. प्रेक्षकाला पडद्याआड नेल्याने पडद्यावरची जादू ओसरत नाही, हा विश्वास त्यामागे होता, आणि तो रास्तच होता.

पुरवणीचे मोल सर्वांत अधिक जाणवते ते मूळ कलाकृती नष्ट झालेली असते तेव्हा. बीबीसीने जुन्या फिती पुसून पुन्हा वापरल्यामुळे ‘डॉक्टर हू’च्या 1960च्या दशकातील 253 भागांपैकी नव्वदहून अधिक भाग चित्ररूपाने उपलब्ध नाहीत. जे उरले, त्यांतील बहुतेक परदेशी विक्रीसाठी पडद्यासमोर कॅमेरा लावून फिल्मवर उतरवलेल्या प्रतींमुळे उरले. हुसेन यांनीच दिग्दर्शित केलेली सात भागांची ‘मार्को पोलो’ (1964) ही कथा तर समूळ नाहीशी झाली. परंतु काही प्रेक्षकांनी घरच्या ध्वनिमुद्रकावर तिचा आवाज टिपून ठेवला होता, आणि प्रक्षेपण चालू असताना दूरचित्रवाणीच्या पडद्याची छायाचित्रे काढून ती कलावंत-दिग्दर्शकांना विकणारे जॉन क्युरा यांची चित्रे हुसेन यांच्या संग्रहात सापडली. आवाज आणि स्थिरचित्रे जुळवून रचलेली, सुमारे अर्ध्या तासाची तिची संक्षिप्त पुनर्रचना याच संचात दिलेली आहे. तिला पुरवणी म्हणणे अपुरेच, कारण येथे पुरवणी हीच कलाकृती होऊन बसली आहे. ‘मार्को पोलो’च्या चौथ्या भागाचे दिग्दर्शन मात्र जॉन क्रॉकेट यांनी केले होते. त्या भागाची पडद्यावरून टिपलेली चित्रे हुसेन यांच्या संग्रहात नव्हती आणि ती अन्यत्रही मिळालेली नाहीत.

याच संचात हुसेन आणि लॅम्बर्ट आपल्या पहिल्या भागावर बोलताना ऐकू येतात. लॅम्बर्ट यांचे निधन 22 नोव्हेंबर 2007 रोजी, म्हणजे त्या भागाच्या चव्वेचाळिसाव्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी झाले.