तंजावरच्या संगीतातील विलायती सुरावटी

कर्नाटक संगीताचे प्राथमिक धडे घेणाऱ्या मुलांना आजही काही छोटी संस्कृत गीते शिकविली जातात. त्यांतील ‘संततं पाहि माम्’ हे गीत पहिल्यांदा ऐकणारा श्रोता क्षणभर चकित होतो, कारण त्याची चाल ब्रिटनच्या राष्ट्रगीताची आहे. अशी सुमारे 40 गीते मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या नावावर असून, इंग्रजी ‘नोट’ या शब्दावरून त्यांना ‘नोट्टुस्वर’ म्हटले जाते.

कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक असलेल्या दीक्षितरांचा जन्म तंजावर राज्यातील तिरुवारूर येथे 1775 च्या सुमारास झाला. पुढे हे कुटुंब मद्रासजवळील मणली येथे राहावयास गेले. तेथून जवळच असलेल्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील लष्करी बँडच्या धून त्यांच्या कानी पडल्या.

या धुनी दीक्षितरांनी जशाच्या तशा उचलल्या नाहीत. बँडमध्ये अनेक वाद्ये एकाच वेळी वेगवेगळे स्वर वाजवून स्वरसंवाद निर्माण करतात. दीक्षितरांनी त्यातील केवळ मुख्य चाल घेतली आणि ती शंकराभरणम् रागात बसविली. हिंदुस्थानी संगीतातील बिलावल थाटाशी जुळणारी ही स्वरमालिका पाश्चात्त्य ‘मेजर’ सप्तकाशी मिळतीजुळती असल्याने चालीला धक्का लागला नाही. शब्द मात्र सर्वस्वी नवे आले, आणि तेही संस्कृत देवतास्तुतीचे. एरवी दीक्षितरांच्या कृती संथ लयीच्या, वीणेच्या गमकांनी भारलेल्या. येथे मात्र त्यांनी गमक जवळजवळ वर्ज्य केले. स्वतःच्या शैलीचा सर्वांत मोठा अलंकार बाजूला ठेवण्याचे हे धैर्य दुर्लक्षिण्यासारखे नाही.

मूळ रचनेचे काय ठेवावे आणि काय टाकावे, हा वाद आजही संपलेला नाही. रॉजर वॉटर्स यांनी 2023 मध्ये, वयाच्या 80 व्या वर्षी, पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा 1973 चा गाजलेला अल्बम जुन्या सहकाऱ्यांविना नव्याने घडविला. गिटारचे एकल वादन गाळून बोललेल्या शब्दांना त्यांनी प्राधान्य दिले, तेव्हा रसिकांत असेच दोन तट पडले. अर्थात, वॉटर्स आपल्याच साहित्याकडे परतले होते. दीक्षितरांनी हात घातला तो राज्यकर्त्यांच्या सुरावटींना. राजाच्या स्तुतीची चाल देवीच्या स्तुतीला लागली, याला राजकीय विरोध म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण त्या चालीत राजा उरला नाही, एवढे खरे.

खुद्द तंजावरात त्या वेळी सत्ता कंपनीच्या हाती गेली होती. 1799 च्या तहानंतर दुसरे सरफोजीराजे भोसले यांच्याकडे किल्ला व आसपासचा भाग एवढेच राहिले. राज्यकारभार सुटलेल्या या मराठी राजाने विद्येचा संसार मात्र वाढविला. सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, नृत्यासाठी मराठी निरूपणे रचली आणि युरोपीय पद्धतीचा वाद्यवृंदही पदरी ठेवला. पुढे सदिर नृत्याच्या साथीला क्लॅरिनेटही आले.

नोट्टुस्वर मुख्यतः बालशिक्षणापुरतेच राहिले. मैफलीचे रूप पालटले ते व्हायोलिनने. दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी हे वाद्य युरोपीय वादकाकडून शिकून घेतले. कर्नाटक पद्धतीत वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवितो आणि तारा षड्ज-पंचमात लावतो. वाद्य सांभाळण्याच्या भारातून डावा हात मोकळा होतो आणि तारेवर सहज घसरू शकतो. नोट्टुस्वरांत दीक्षितरांनी वर्ज्य केलेली गमके या परक्या वाद्यावर अशी पूर्णपणे उमटू लागली.

तंजावरचे चार बंधू, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, हे दीक्षितरांचे शिष्य. आजच्या भरतनाट्यम् मैफलीचा क्रम त्यांनीच बांधून दिला. त्यांच्यापैकी वडिवेलू व्हायोलिनमध्ये निष्णात होते. त्रावणकोरचे महाराज स्वाती तिरुनाळ यांनी 1834 मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले.