खानदेशी गच्चीवरची बाग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यात धरणगावात दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. जळगाव जिल्ह्याचा पारा त्या दिवसांत ४५ अंशांपर्यंत चढतो आणि स्लॅब त्याहूनही जास्त तापतो. मुंबई-पुण्याच्या गॅलरीत जमून गेलेले बागेचे सल्ले मोबाइलवरून आपल्यापर्यंत येतात. आपण ते जसेच्या तसे वापरतो, झाडे करपतात आणि ‘आपल्याकडे हे जमायचं नाही’ म्हणत रिकाम्या कुंड्या जिन्याखाली ठेवून देतो. पण जमते. आपल्या उन्हाला, पाण्याला आणि मातीला धरून करावे लागते, एवढेच.

गैरसमज : शेतातली काळी माती आणली की काम झाले.
वस्तुस्थिती : कपाशीला मानवणारी काळी माती कुंडीत अडचण करते. तिच्यात चिकणमातीचा अंश मोठा. भिजली की ती फुगते, वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात, तशी कुंडीतली माती कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. खालून ओघळ दिसतो, पण मुळे कोरडीच राहतात. म्हणून काळी माती एकच भाग घ्या. त्यात एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट मिसळा. कुंडी हलकी होते आणि ओलही टिकते.

गैरसमज : तळाशी खडीचा थर दिला की निचरा चांगला होतो.
वस्तुस्थिती : बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडून राहते. खडीमुळे मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रावर खापराचा एक तुकडा पुरतो.

गैरसमज : स्लॅब पक्का आहे, कितीही माती टाका.
वस्तुस्थिती : वापरातल्या गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण १५० किलो वापराचा भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. एक चौरस मीटर जागेत फूटभर ओली काळी माती पसरली, तर तिचेच वजन ५०० किलोच्या आसपास भरते. म्हणून गच्चीवर मातीचे वाफे करू नयेत. कुंड्या भिंतींच्या आणि बीमच्या ओळीत ठेवाव्यात, मोठा बेत असेल तर आधी अभियंत्याला विचारावे. जुन्या धाब्याच्या घरांवर, जिथे लाकडी कड्यांवर मातीचा थर आहे, तिथे बाग नकोच. अशा घरी ओट्यावर किंवा अंगणात कुंड्या मांडाव्यात. पक्क्या स्लॅबला ओल लागते ती बहुधा भेगांमुळे आणि तुंबलेल्या पन्हाळीमुळे. कुंडी विटांवर ठेवली, खालून झाडू फिरला, तर ही भीती बरीच कमी होते.

गैरसमज : दुपारी पाणी घातले की थेंब भिंगासारखे काम करतात आणि पाने जळतात.
वस्तुस्थिती : हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासले. गुळगुळीत पानांवर थेंबांनी डाग पडले नाहीत. दुपारी पाणी न घालण्याची आपल्याकडची खरी कारणे वेगळी आहेत : काळ्या टाकीतले आणि नळीतले पाणी तेव्हा कढत असते, आणि बरेचसे वाफ होऊन जाते. भर उन्हात पानांनी मान टाकली, तरी माती ओली असू शकते. दोन पेरे बोट खुपसून बघा. ओल लागली तर संध्याकाळपर्यंत थांबा, कारण वारंवार पाणी ओतल्याने मुळे कुजतात.
आपल्या जिल्ह्यातला शेतकरी केळीला थेंबाथेंबाने पाणी देतो आणि घरी मात्र कुंड्यांवर बादली ओततो. शेतातल्या ठिबकची उरलेली नळी गच्चीवर आणा, मातीवर केळीच्या वाळलेल्या पानांचे आच्छादन द्या. नळाला पाणी येण्याची वाट बघावी लागते, त्या दिवसांत याचा मोठा आधार होतो.

गैरसमज : टोमॅटोची फुले गळतात, म्हणजे खत कमी पडले.
वस्तुस्थिती : दिवसाचा पारा ३५ अंशांपलीकडे गेला आणि रात्रही उबदार राहिली, की परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल गळते. खत वाढवून फळ धरणार नाही. टोमॅटो हिवाळ्यासाठी लावा. मेथी-कोथिंबीर दिवाळीनंतर पेरा. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधा आणि तुळस, कढीपत्ता, गवती चहा, कोरफड सांभाळा.

गैरसमज : केळीची साल भिजवलेले पाणी म्हणजे पूर्ण खत.
वस्तुस्थिती : सालीत पालाश भरपूर, नत्र मात्र फार थोडे. शिवाय नुसते भिजवून सगळे पाण्यात उतरत नाही. साली बारीक चिरून कोरड्या पालापाचोळ्यासोबत कुजवा. कच्च्या साली कुंडीत पुरल्या तर चिलटे येतात.

गैरसमज : रात्री झाडे वाईट हवा सोडतात, म्हणून झोपायच्या गच्चीवर ती नकोत.
वस्तुस्थिती : शेजारी झोपलेले माणूस कुंड्यांपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि गच्ची तर उघडीच असते. काळजी घ्यायची ती डासांची. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास उडतात. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. नुसती तुळस लावून डास जात नाहीत.

पहिल्या वर्षी पाचच कुंड्या करा आणि सुरुवात पावसाळ्यात करा. त्यातल्या एका वीस लिटरच्या कुंडीत भरताच्या वांग्याचे रोप लावा. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. थंडीत मळ्यात भरीत-पार्टी ठरेल, कपाशीच्या काड्या पेटतील, तेव्हा त्या जाळावर भाजायला एक वांगे आपल्या गच्चीवरचेही असू द्या.