10 हजार कोटी आणि 3 मिलिमीटर

माणसाच्या तोंडात रोज अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 10 कोटी जिवाणू असतात. लिटरभर लाळ धरली, तरी रोज 10 हजार कोटी जिवाणू आपण गिळतो. पृथ्वीवर आज माणसं आहेत सुमारे 820 कोटी. त्यांच्या बारापट जीव एका माणसाच्या घशाखाली एका दिवसात उतरतात! एका जिवाणूची लांबी एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग धरू. दिवसभरात गिळलेले सगळे एकामागे एक लावले तर रांग 100 किलोमीटरची होईल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग संपेल आणि रांग उरेल. वर्षाची रांग 36,500 किलोमीटर, आणि विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर आहे 40,075 किलोमीटर. एवढ्या सैन्याचं एका दिवसाचं वजन मात्र जेमतेम एक दशांश ग्रॅम, तांदळाच्या चार-पाच दाण्यांइतकं.

ही गर्दी पाहून थक्क झालेला पहिला माणूस कापडाचा व्यापारी होता. डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हेनहुकने 1683 साली आपल्याच दातांमधला पांढरा गर खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला. तो रोज मिठाने दात घासायचा, तरीही त्या गरात त्याला हलणारे, गिरक्या घेणारे जीव दिसले. सगळ्या नेदरलँड्समध्ये जितकी माणसं आहेत त्याहून जास्त जीव माझ्या तोंडात आहेत, असं त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. त्याचा अंदाज फारच कमी होता.

तोंडात राहणाऱ्या जिवाणूंच्या 700 हून अधिक जाती आज माहीत आहेत. गिळलेल्यांपैकी बहुतेक जठरातल्या आम्लात मरतात. प्रश्न असतो तो न गिळलेल्यांचा, दाताला चिकटून बसलेल्यांचा. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये जितके जिवाणू, तितके दातावरच्या थराच्या एका मिलिग्रॅममध्ये असतात. म्हणजे तिथे गर्दी सुमारे हजारपट दाट. झोपेत लाळ जवळजवळ आटते, धुऊन नेणारं पाणी थांबतं आणि थराला रात्रभर मोकळं रान मिळतं. रात्री झोपताना दात घासणं सकाळच्या घासण्याहून महत्त्वाचं आहे ते यासाठी. थर तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी तो कडक होतो, त्याचं किटण बनतं आणि मग ब्रशने ते निघत नाही.

इथून पुढे मोठे आकडे सोडून लहान आकड्यांकडे पाहायला हवं. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली फट 1 ते 3 मिलिमीटर खोल असते. ती 4, 5, 6 मिलिमीटर होऊ लागली की तिथे प्राणवायू पोचत नाही आणि त्याच्याशिवाय जगणारे जिवाणू तळाशी ठाण मांडतात. आपल्याकडे याला पायरिया म्हणतात. बत्तीसही दातांभोवतीच्या अशा फटींची आजारी, सुजलेली आतली बाजू उलगडून पसरली तर गंभीर रुग्णात ती 20 चौरस सेंटिमीटरपर्यंत भरू शकते: पाच सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद. एवढी जखम कोपरावर असती तर माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता. हिरडीतली जखम दिसत नाही, बहुधा दुखतही नाही, फक्त घासताना थोडं रक्त येतं, आणि वर्षं निघून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात 100 कोटींहून जास्त लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे.

या आजारातला सर्वांत कुप्रसिद्ध जिवाणू पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिस. 2011 साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की एकूण जिवाणूंमध्ये त्याचं प्रमाण 0.01 टक्क्याहून कमी असलं, दहा हजारांत एकही नसला, तरी तो बाकीच्या सगळ्या वस्तीची घडी विस्कटू शकतो आणि दातांभोवतीचं हाड झिजू लागतं. मला या सगळ्या विषयातला हाच आकडा सर्वांत भीतीदायक वाटतो.

जखम उघडी, म्हणजे रक्ताकडे जायची वाटही उघडी. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नुसता ब्रश केल्यावर 23 टक्के लोकांच्या रक्तात हृदयाच्या झडपांना संसर्ग करू शकणारे जिवाणू सापडले. निरोगी शरीर ते थोड्या वेळात साफ करतं. ज्यांच्या झडपा आधीच खराब आहेत त्यांना धोका असतो. हृदयविकाराचा आणि हिरड्यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 साली स्पष्ट म्हटलं, की एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. मधुमेहाबाबत पुरावा अधिक भक्कम आहे. रक्तातली साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मधल्या काळातली साखर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, सरासरी 0.4 टक्क्यांनी उतरतो. भारतात मधुमेही 10 कोटींहून जास्त आहेत, हे लक्षात घेतलं की हा 0.4 लहान राहत नाही. शिवाय 2024 साली सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातल्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासलेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्या गाठींत फ्युसोबॅक्टेरियम या तोंडातल्या जिवाणूचा एक विशिष्ट प्रकार दाखवला.

पण म्हणून कुणी तोंड निर्जंतुक करायला निघू नये. पालक, बीट, मुळा यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट आपल्या जिभेवरचे जिवाणूच करतात. त्यापासून रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं. 2013 साली ब्रिटनमध्ये 19 निरोगी माणसांनी आठवडाभर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा भरल्या, तर त्यांचा रक्तदाब 2 ते 3 अंकांनी वाढला. डॉक्टरांनी न सांगता असलं औषध महिनोन् महिने वापरणं चुकीचं आहे. आणि मशेरी लावणं तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत बायका ती दात स्वच्छ होतात म्हणून लावतात, प्रत्यक्षात भाजलेली तंबाखू थेट हिरडीवर चोळतात.

जेवल्यावर चूळ भरायची आपली सवय चांगली आहे, ती सोडू नका. पण चिकटलेला थर चुळीने निघत नाही, त्याला रात्रीचा ब्रशच लागतो. दंतवैद्याकडे जाल तेव्हा नुसती कीड पाहून घेऊन परतू नका. हिरड्या आणि दातांमधल्या फटींची खोली मोजायला सांगा आणि ती किती मिलिमीटर आली ते विचारा. घरात कुणाला मधुमेह असेल तर हे याच महिन्यात करा.